बटणाला आलेले दात

गोल काढायला काय लागतं, असं मी रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणालो. हे वाक्य बोलायला नको होतं, हे मला मंगळवारी कळलं. सासऱ्यांसमोर तर मुळीच बोलायला नको होतं, हे बुधवारी कळलं. पण रविवारी माणसाची बुद्धी सुट्टीवर असते आणि जीभ तेवढी कामावर.

झालं होतं असं, की माझ्या बायकोला गाळा मिळाला होता. पालिकेच्या नव्या बाजारात, जिन्याच्या खालचा, उभा राहिलो तर मागच्या बाजूला माझं डोकं आपटतं एवढा. पण गाळा. त्यासाठी ती चार वर्षं यादीत थांबली होती. गेली बावीस वर्षं घरातल्या खिडकीपाशी मशीन मांडून तिने लोकांचे कपडे शिवले, आणि आता तिला शटर असलेलं, कुलूप असलेलं स्वतःचं दुकान मिळणार होतं. सगळं जमून आलं होतं, राहिला होता फलक. फलकाचं चित्र पालिकेकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि ते येत्या शुक्रवारी खिडकी बंद होईपर्यंत मंजूर झालं नाही, तर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता. पुढचा माणूस कुलपं दुरुस्त करणारा होता. तो आठवड्यातून दोनदा गाळ्यासमोरून सहज म्हणून फेरी मारून जायचा आणि शटरला हात लावून बघायचा.

फलकावर काय हवं, ते बायकोच्या डोक्यात पक्कं होतं. एक मोठं लाल बटण, त्याला चार भोकं, आणि भोवताली जाड निळी कड, सगळीकडे सारख्या जाडीची. खाली नाव. बस.

"पाट्या रंगवणाऱ्याला सांगते उद्या," ती म्हणाली.

"कशाला? मी काढून देतो कंप्युटरवर. गोल काढायला काय लागतं?"

माझा हा आत्मविश्वास हवेतला नव्हता. मी पाणीखात्यात चौथ्या खिडकीवर बसतो. नवीन नळजोडणीचे अर्ज तपासणं हे माझं काम. ऑफिसात कंप्युटरमधला माणूस म्हणून माझं नाव आहे, कारण सहा वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून कुणाचाही कंप्युटर रुसला की मला बोलावतात. मी जातो, तो बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि लोक आदराने बाजूला होतात.

सासरे दुकान उघडण्याच्या दिवसासाठी आठवडाभर आधीच येऊन राहिले होते. ते आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशातलं भिंग काही गेलं नाही. वर्तमानपत्र ते वाचत नाहीत, तपासतात. माझं वाक्य ऐकून त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा वर केलं. या माणसाने बावीस वर्षांपूर्वी मला पसंत करतानाही असंच पाहिलं होतं.

सोमवारी मी ऑफिसातून लवकर आलो आणि फोटो सुधारण्याचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. उघडल्याबरोबर त्याने डावीकडे चाळीसेक बारीक चित्रं मांडली आणि उजवीकडे छोट्या छोट्या चौकटींची रांग. त्यातल्या बऱ्याच चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या होत्या. इथे माझ्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. कुणी मला न विचारता आधीच खुणा करून ठेवलेला फॉर्म मला सहन होत नाही. समोर आला की हात आपोआप चालतो. मी त्या सगळ्या खुणा एकेक करून काढून टाकल्या. लागू नाही, लागू नाही, लागू नाही. पानभर चौकटी रिकाम्या झाल्यावर फार प्रसन्न वाटलं.

मग मी गोलाचं चित्र असलेलं बटण दाबलं, माऊस ओढला, आणि पडद्यावर झकास गोल आला. तुटक तुटक रेघांचा होता, आणि त्या रेघा सरकत होत्या, पण गोल. एका फटक्यात. मी बायकोला हाक मारली. ती कणीक मळत असल्यामुळे सासरेच आले.

"मुंग्या आहेत," ते म्हणाले, आणि रुमालाने पडदा पुसला.

मुंग्या गेल्या नाहीत. मी त्यांना समजावलं की ही आधुनिक रेघ आहे, ती हलती असते. मग छपाईची आज्ञा दिली. कागद बाहेर आला तो कोरा. दुसरा कागद घातला, तोही कोरा. पाच कोरे कागद छापून झाल्यावर मला उलगडा झाला की त्या मुंग्या म्हणजे रेघ नव्हतीच. इथे काहीतरी करायचंय असं सॉफ्टवेअर नुसतं सुचवत होतं. हे म्हणजे साहेबांनी फायलीवर 'बोलावे' लिहून ठेवावं तसं झालं.

मग मी ब्रश उचलला आणि हाताने गोल काढायला घेतला. माऊसने हाताने गोल काढून बघा एकदा. पहिला बटाट्यासारखा झाला, दुसरा बसलेल्या बटाट्यासारखा. तिसरा त्यातल्या त्यात बरा जमला म्हणून मी त्यात लाल रंग भरायचं ठरवलं. रंग भरण्याच्या आज्ञेचं चित्र बादलीचं आहे. बादली पाहून मला घरच्यासारखं वाटलं, शेवटी मी पाणीखात्यातला माणूस. मी बादली गोलात नेऊन ओतली, आणि सगळं पान लाल झालं. वर, खाली, कोपऱ्यात, कुठेही पांढरं म्हणून राहिलं नाही.

सासऱ्यांनी भिंग काढलं. माझ्या कडेत, डाव्या बाजूला खाली, केसाएवढी फट राहिली होती. त्यातून सगळा रंग बाहेर वाहून गेला होता.

"गळती आहे," ते म्हणाले. "तुमच्याच खात्याचं काम."

शेवटी तासाभराच्या झटापटीनंतर मला मेनूत खोल कुठेतरी 'निवडीभोवती रेघ ओढा' अशी आज्ञा सापडली. मुंग्या काढल्या, रेघ ओढली, बादली ओतली. लाल बटण आलं, भोवती निळी कड आली, चार भोकं आली. मी छापलं. कागद हातात धरून हातभर लांब केला आणि मलाच माझं कौतुक वाटलं.

सासऱ्यांनी कागद घेतला, उजेडात नेला, भिंग लावलं.

"जावईबापू, याला दात आहेत."

"कशाला?"

"बटणाला. कडेने सगळीकडे. करवतीसारखे."

मीही भिंगातून पाहिलं. खरंच होतं. गुळगुळीत कड म्हणून जी लांबून दिसत होती, ती जवळून बारीक बारीक पायऱ्यांची होती. वर चढायच्या, मग उतरायच्या. पण मी म्हणालो, "बाबा, पालिकेत कोण भिंग लावून बघणार आहे?"

पुन्हा ते नुसतं पाहणं.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परवाना खात्यात गेलो. छापील चित्र, पेनड्राइव्हवर तेच चित्र, आणि अर्ज. रांगेत नऊ माणसं होती. मी खिडकीच्या आतला माणूस. बाहेरच्या बाजूने खिडकी किती उंच असते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. टाचा उचलून बोलावं लागतं आणि आवाज आपोआप लीन होतो.

खिडकीवर एक बाई होत्या. चष्मा साखळीला, टेबल एवढं आवरलेलं की मला आपुलकी वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाणीखात्यात, चौथ्या खिडकीवर ना?"

मी फुललो. आपली कीर्ती अशी खात्याबाहेर पसरलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. "हो, हो. आपली ओळख?"

"दोन वर्षांपूर्वी नळजोडणीचा अर्ज घेऊन आले होते. तुम्ही परत केलात. सहीची वेलांटी चौकटीबाहेर गेली म्हणून."

मला आठवेना. म्हणजे अशी सही आठवेना. चौकटीबाहेर जाणाऱ्या सह्या मी आठवड्याला वीसेक तरी परत करतो. चौकट छापलीय ती कशासाठी, असा माझा साधा प्रश्न असतो. मी चुळबुळ केली.

"मला राग नाही हं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी आला होता. घरी जाऊन रडलेही. मग विचार केला, माणूस काटेकोर आहे, काम असं करावं. तेव्हापासून मीही तसंच करते. तुमच्याकडूनच शिकले म्हणा ना."

असं म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह लावला, माझं बटण पडद्यावर आणलं आणि मोठं करायला सुरुवात केली. दुप्पट. चौपट. आठपट. पडदा त्यांनी सौजन्याने माझ्या बाजूला वळवला, त्यामुळे तो रांगेलाही दिसू लागला. आठपट मोठ्या बटणाचे दात माझ्या बोटाएवढे होते.

"अर्जात आकार काय लिहिलाय?"

"गोल."

"हा गोल आहे?"

"लांबून आहे."

"फलकाचं क्षेत्रफळ कडेच्या बाहेरच्या रेषेपर्यंत धरतात. आता मी रेषा कुठली धरू? या दाताच्या टोकाला, की या खाचेत?" आणि त्यांनी सुंदर, सुटसुटीत अक्षरात शेरा लिहिला: *आकृती गोल नसून बहुकोनी आहे. दुरुस्ती करावी.* सही केली. सही चौकटीच्या आत, चारी बाजूंनी सारखं अंतर सोडून बसली होती.

मागच्या एका गृहस्थांनी मान पुढे काढून विचारलं, "काय, यंत्राचं चाक काढलंय का?" मी उत्तर दिलं नाही. माझ्या खिडकीवर मी लोकांना रांगेत बोलू देत नाही.

घरी आल्यावर बायकोला मी एवढंच सांगितलं, की एक तांत्रिक मुद्दा निघालाय. खात्यांमध्ये तांत्रिक मुद्दे निघतातच, असंही सांगितलं. ती म्हणाली, "शुक्रवार आहे हं." मी म्हणालो, "अगं, अजून तीन दिवस आहेत." तिने मान हलवली आणि मशीनवर बसली. दुकानासाठी ती पडदा शिवत होती.

बुधवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे मोजणीसाहेब आले. हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जिन्यातून येणारा प्रत्येक आवाज त्यांना कळतो. सासऱ्यांनी सकाळी जिन्यात कुणालातरी 'दात' म्हणून सांगितलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. हातात कंपासपेटी घेऊन ते थेट कंप्युटरपाशी गेले.

"पडद्यावर विश्वास ठेवू नका. मोजा."

त्यांनी पट्टी लावून बटण आडवं मोजलं, उभं मोजलं, तिरकं मोजलं. बरोबर निघालं. त्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "केंद्र बघू," आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कंपासाचं टोक माझ्या पडद्याच्या मध्यावर रोवलं आणि शिसपेन्सिलीने काचेवर एका दमात गोल फिरवला. पेन्सिलीचा तो गोल इतका सुरेख, इतका बिनदाताचा होता की क्षणभर मला रागही आला नाही. "बघा, असा काढायचा," ते म्हणाले, पेटी मिटली आणि गेले.

पेन्सिल ओल्या फडक्याने निघाली. टोक रुतलं तिथे मात्र बारीक काळा ठिपका राहिला. तो काचेवरचा आहे, हे माझ्या लक्षात यायला पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मी त्याला खोडरबराने खोडलं, त्यावर लाल रंग टाकला, ते पान पुसून नवीन घेतलं. चित्र हलवलं की चित्र हलायचं, ठिपका जागचा हलायचा नाही. आजही आहे. मी त्यावर काहीही लिहिलं तरी बरोबर मध्ये एक पूर्णविराम येतो.

दुपारी मी पुन्हा रजा टाकली आणि बाजाराजवळच्या फोटोवाल्याकडे गेलो. हा माणूस चेहरे गुळगुळीत करण्यात पटाईत आहे. त्याच्याकडे फोटो काढलेली सगळी माणसं एकमेकांची सख्खी भावंडं दिसतात. माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोत नाकाच्या जागी फक्त दोन ठिपके आहेत. मी त्याला बटण दाखवलं.

"दात ना? घालवतो," तो म्हणाला. "एक हात फिरवला की झालं."

त्याने एक हात फिरवला. दात जरा बोथट झाले. दुसरा फिरवला. कड मऊ झाली. तिसरा फिरवला तेव्हा कड धुक्यात गेल्यासारखी झाली, पण दात एकही नव्हता. मी खूश झालो. खुशीत माणूस सगळं बघत नाही. साडेचारला परवान्याची खिडकी बंद होते, म्हणून मी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि पळत सुटलो.

बाईंनी चित्र आठपट मोठं केलं. कडेने हळूहळू फिरल्या. "दात गेले," त्या म्हणाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला. "पण कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते कळत नाही. आणि अर्जात बटण लिहिलंय ना?"

"हो, बटणच आहे."

"भोकं कुठायत?"

भोकं नव्हती. फोटोवाल्याने माझ्या नाकाचं जे केलं, तेच भोकांचं केलं होतं.

"भोकांशिवाय बटण शिवायचं कसं?" बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या, खरोखर विचारत होत्या. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बशी वाटते," दुसरा म्हणाला, "छे, लाल दिवा." शेरा पडला: *वस्तूचा बोध होत नाही.* इतक्या वर्षांत मी किती लोकांना किती वेळा असाच कागद परत सरकवला असेल, याचा हिशेब डोक्यात यायला लागला, तो मी मुद्दाम थांबवला. परतीच्या वाटेवर बाजारातून गेलो तर कुलूपवाला बायकोच्या गाळ्यासमोर उभा होता. हातात टेप होता. शटरची रुंदी घेत होता.

गुरुवारी सकाळी मी रजा टाकली नाही, आजारी पडलो. दारं लावून कंप्युटरपुढे बसलो. कड आधी काढून पाहिली, नंतर काढून पाहिली. जाड काढली तर दात जाड झाले. बारीक काढली तर दिसेनाशी झाली. बुडाखालची खुर्ची तापली, पण कडेत फरक पडेना. अकराच्या सुमारास दार उघडून बायको आत आली. टेबलावर दोन्ही शेरे पडले होते. तिने दोन्ही वाचले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला सुचतं. ती म्हणाली, "पाट्या रंगवणाऱ्याकडे जाऊन आले मी. त्याच्याकडे सोमवारपर्यंत वेळ नाही."

मी दोन्ही शेरे उलटे करून ठेवले.

"चार वर्षं थांबले हो मी," ती म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिचा आवाज साधाच होता. बावीस वर्षांत मी तिला कपड्यांच्या ढिगात बघत आलो, आणि तिचं ते शिवणटिपण म्हणजे वेळ जायला बरं, असं पाहुण्यांना सांगत आलो. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. खरंच वाटली, आणि ती लपवायला मला काही तांत्रिक मुद्दा सापडेना.

"मला येत नाही गं," मी म्हणालो. "गोल काढता येत नाही मला. रविवारी मी उगाच शेखी मिरवली."

हे बोलून झाल्यावर खोलीत जरा हवा आली. बायको वाकून पडद्याकडे बघायला लागली. "करताय काय तुम्ही नेमकं?"

"लाल गोल काढतो, आणि त्याच्याभोवती निळी कड ओढतो."

"ओढता कशाला?"

"म्हणजे?"

ती बाहेर गेली आणि दोन चिंध्या, कात्री, डब्याचं मोठं झाकण आणि वाटी घेऊन आली. झाकण निळ्या कापडावर ठेवून खडूने फिरवलं, कापलं. वाटी लाल कापडावर ठेवून फिरवली, कापलं. लाल तुकडा निळ्यावर मधोमध ठेवला आणि तळहाताने एकदा दाबला. भोवती निळी कड उभी राहिली, सगळीकडे सारखी, कुठे एक सूत कमीजास्त नाही.

"कड काढायची नसते हो," ती म्हणाली. "मोठं खाली घालायचं, लहान वर. मधलं उरतं ती कड. गळ्याची पट्टी मी कशी लावते वाटतं तुम्हाला?"

मला कसं वाटणार. मी कधी बघितलंच नव्हतं.

आम्ही दोघं बसलो. मुंग्यांचा मोठा गोल काढला, त्यात निळी बादली ओतली. "आता हाच गोल आत घ्या, सगळीकडून एकसारखा," ती म्हणाली. मेनूत शोधलं तर 'निवड आकसवा' अशी आज्ञा होतीच. किती आकसवू, असं ते अदबीने विचारत होतं. तिने आकडा सांगितला. मुंग्या सगळ्या मिळून शिस्तीत आत सरकल्या. लाल बादली. कड उरली. जाडी अगदी सारखी.

पण दात होते.

एव्हाना सासरे मागे येऊन उभे होते. त्यांनी भिंग काढलं आणि चित्राकडे न बघता पडद्याच्या उजव्या बाजूची बारीक अक्षरं वरून खाली तपासायला सुरुवात केली. आयुष्यभराची सवय. चौथ्या ओळीवर थांबले.

"इथे लिहिलंय, 'कडा गुळगुळीत ठेवा'. पुढची चौकट रिकामी आहे. ही कोणी रिकामी ठेवली?"

मला सोमवारची ती प्रसन्नता आठवली. लागू नाही, लागू नाही. घसा साफ करून मी म्हणालो, "सॉफ्टवेअरमध्ये असं होतं कधी कधी."

"आधी खूण केलेली असेल," सासरे म्हणाले. "कुणीतरी काढली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आणि ती हसायला लागली. मशीनपुढच्या स्टुलावर बसून, पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की सासऱ्यांनाही भिंग पुसावं लागलं. चौकटीत खूण मीच केली. निळी बादली, आकसवा, लाल बादली, आणि याच पद्धतीने चार भोकं. सासऱ्यांनी आठपट मोठं करून सगळा परीघ तपासला. "दुरुस्ती नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच हे ऐकत होतो.

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. अर्जदार ती, चित्रकार मी, असं मी वाटेत दोनदा म्हणून पाहिलं. तिने दोन्ही वेळा ऐकलं नाही. रांग मोठी होती. कुलूपवालाही आला होता. तो रांगेत नव्हता, भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत होता.

आमचा नंबर आला तेव्हा सव्वाचार झाले होते. बाईंनी चित्र लावलं. आठपट केलं. मग सोळापट केलं. पडदा वळवला, आणि कडेने फिरायला लागल्या, अगदी सावकाश, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. मागची माणसं माना काढून बघत होती. कड वळत होती, वळतच होती, कुठे पायरी नाही, कुठे धुकं नाही. पूर्ण फेरी मारून बाई जिथून निघाल्या तिथे पोचल्या.

"कोणी काढलं?"

"हिने," मी म्हणालो. बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"छान आहे." बाईंनी छापील अर्ज पुढे सरकवला. "मालकाची सही. इथे, चौकटीत."

बायकोने पेन घेतलं. इथे मला काहीतरी करायला हवं होतं, निदान खोकायला तरी. पण ती बावीस वर्षं कापडावर खडू चालवत आली आहे. तिचा हात एकदा सुटला की वळण पूर्ण करूनच थांबतो. सही सुरेख आली. शेवटचं झोकदार वळण चौकटीच्या रेषेवरून पलीकडे उतरलं आणि समासात जाऊन थांबलं.

बाई त्या सहीकडे बघत राहिल्या. कोरा फॉर्म आता सोमवारी मिळणार, हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि भिंतीपाशी सरळ उभा राहिलेल्या कुलूपवाल्यालाही माहीत होतं. बायकोला फक्त काही माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, मी ऑफिसात काय करतो ते.

बाईंनी अर्ज फिरवून माझ्यासमोर धरला आणि चष्मा काढला.

"तुम्हीच सांगा साहेब. तुमच्या खिडकीवर हे चालतं का?"

मी सहीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तिच्या बोटाला पेनाची शाई लागली होती आणि ती ती पुसत होती. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं, तेही ताठ मानेने.

"चालतं," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

बाईंनी चष्मा चढवला. घाई न करता शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि मारला. "मग इथेही चालेल," त्या म्हणाल्या. कुलूपवाल्याने टेप खिशात घातला आणि निघून गेला. बायकोने बाहेर आल्यावर विचारलं, "त्या बाई तुम्हाला असं का विचारत होत्या हो?" मी म्हणालो, "तांत्रिक मुद्दा होता." पण या वेळी तो मुद्दा मी तिला घरी जाईपर्यंत सगळा सांगितला, वेलांटीसकट. ती वाटेतच थांबली. मग म्हणाली, "रडल्या होत्या का हो त्या?" मी हो म्हणालो. तिने मग फक्त एवढंच केलं, की घरी गेल्यावर मला चहा करायला लावला.

सोमवारी मी ऑफिसात वेळेवर पोचलो. माझ्या खिडकीसमोर रांग जिन्यापर्यंत गेली होती. बुधवारी माझ्यामागे उभे असलेले, 'बशी वाटते' म्हणणारे गृहस्थ पहिले होते. त्यांनी दात दाखवत अर्ज आत सरकवला. सही चौकटीत सुरू होऊन बाहेर पडली होती आणि समास ओलांडून पार कागदाच्या कडेपर्यंत निघाली होती.

"परवान्याच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडे आता चालतं."

त्यांच्या मागच्या बाईंच्या हातातही अर्ज होता, त्यांच्या मागच्यांच्याही, आणि एकाचीही सही चौकटीत नव्हती. मी अर्ज सरळ केला, शिक्का उचलला आणि मारला. तोही जरा चौकटीबाहेर गेला.